मुलांचे वर्तन पालटते कशाने?

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात सांगली येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



गुणगौरवाचा समारंभ आटोपल्यावर चार शब्द बोलण्याचे काम मंडळाने आम्हांकडे सोपविले आहे. या चार शब्दांचा साचा ठरलेला असतो. अभ्यास करा, वडीलधाऱ्यांचा मान राखा, व्यसनांपासून दूर राहा, मोबाइलच्या नादी लागू नका, असे वक्त्याने सांगावयाचे. मुलांनी माना डोलवावयाच्या. पालकांनी टाळ्या वाजवावयाच्या. आणि मग सर्वांनी भोजनास उठावयाचे. वक्ता, श्रोते आणि आचारी या तिघांसही हा क्रम सोयीचा आहे. तथापि शिकत्या वयातील माणसाचे वर्तन कशाने पालटते, याचा शाळांतून, वसतिगृहांतून आणि समुपदेशनाच्या कामातून जो शास्त्रीय अभ्यास गेल्या शंभर वर्षांत झाला, तो पाहता असल्या भाषणावर फारसा भरवसा ठेवता येत नाही. यास्तव आज उपदेश न करता उपदेशाविषयीच बोलावे असे आम्ही योजिले आहे. विषय मंडळाच्या जिव्हाळ्याचा आहे. कारण आपले स्वतःचे वसतिगृह आहे आणि त्या वसतिगृहाविषयीचा एक ठराव कार्यकारी मंडळापुढे पडून आहे. त्या ठरावाकडे आम्ही यथावकाश येऊच.

प्रथम एक परदेशातील प्रयोग सांगतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत चांगले मांस सैन्याकडे जाऊ लागले, तेव्हा गृहिणींनी जनावराचे हृदय, मूत्रपिंड असे एरवी कमी प्रतीचे समजले जाणारे भाग स्वयंपाकात वापरावेत अशी तेथील सरकारची इच्छा होती. (उपस्थित शाकाहारी मंडळींनी क्षमा करावी, उदाहरण शास्त्राचे आहे.) जर्मनीतून अमेरिकेत गेलेले मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन यांनी या कामी गृहिणींचे काही गट केले. निम्म्या गटांस उत्तम व्याख्यान ऐकविले. त्यात पोषण होते, काटकसर होती, देशभक्ती होती, पाककृतींचे छापील कागदही होते. उरलेल्या गटांत तज्ज्ञाने थोडकी माहिती सांगितली आणि बायकांना आपसांत बोलू दिले. घरची माणसे नाक मुरडतील, वास येतो, करावयाचे कसे, अशा सर्व अडचणी त्यांनी मोकळेपणी मांडल्या. आणि अखेरीस, या आठवड्यात कोण करून पाहणार त्यांनी हात वर करावा, असे विचारण्यात आले. पुढे चौकशी केली तेव्हा, व्याख्यान ऐकलेल्यांपैकी ३ टक्के स्त्रियांनी तो नवा पदार्थ घरी केला होता आणि आपसांत बोलून हात वर केलेल्यांपैकी ३२ टक्के स्त्रियांनी.

या प्रयोगावर पुढे पुष्कळ चर्चा झाली. चर्चेने फरक पडला, की निर्णय घेण्याने, की शेजारणीचा हात वर गेलेला पाहण्याने, याचा विद्वानांनी कीस काढला. आपणांस तेवढ्या खोलात शिरण्याचे कारण नाही. व्याख्यान चांगले होते, खरे होते, हिताचे होते, तरी शंभरांत तिघींच्या पलीकडे त्याची मजल गेली नाही, एवढे लक्षात ठेवले म्हणजे पुरे. आमच्या या भाषणाचे फळ यापेक्षा अधिक असेल अशी आशा आम्ही बाळगीत नाही.

उपदेशाने होत नाही ते शिक्षेने होते, असे मानणारा एक मोठा वर्ग आपल्यात आहे. आमच्या पिढीतील बहुतेकांचे हात शाळेत छडीने लाल झालेले आहेत आणि त्यामुळेच आम्ही सुधारलो, असे सांगणारेही पुष्कळ भेटतात. या समजुतीचीही परीक्षा झालेली आहे. १९४४ साली विल्यम एस्टिस यांनी उंदरांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. दांडा दाबला की खाणे मिळते हे शिकलेल्या उंदरास दांडा दाबल्यावर विजेचा झटका दिला, तर तो दांडा दाबणे थांबवितो. परंतु झटका बंद झाला की काही काळाने त्याचे दांडा दाबणे पुन्हा सुरू होते. शिक्षेने सवय दबली. ती गेली नाही. वर्गातील मुलाचेही असेच होते हे अनुभवी शिक्षकास सांगावे लागत नाही: मास्तर वर्गात असेपर्यंत शांतता, मास्तर व्हरांड्यात गेले की गोंधळ. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मुलास शारीरिक शिक्षा करण्यास व मानसिक त्रास देण्यास मनाई केली, तेव्हा आता शिस्त बुडाली असा सूर काही शिक्षकांनी लावला. परंतु छडी गेली म्हणजे शिस्त जाते असे नाही. छडीऐवजी काय, या प्रश्नाचे उत्तर शिक्षकास कोणी दिले नाही, ही खरी अडचण आहे.

ते उत्तर शोधण्यासाठी फार दूर जावयास नको. आज आपण जिथे जमलो आहोत तो सांगली जिल्हा आणि शेजारचा सातारा जिल्हा यांचा बराच मोठा भाग १९४९ पर्यंत एकाच जिल्ह्यात होता. या भूमीत वर्तनपालटाचा एक थोर प्रयोग झाला. तो करणाऱ्याने त्यास प्रयोग म्हटले नाही, त्याचे आकडे ठेवले नाहीत, आणि अमेरिकेतील कोणत्याही विद्यापीठास तो ठाऊक नव्हता. आम्ही कर्मवीर भाऊराव पाटील यांच्या वसतिगृहाविषयी बोलत आहोत.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे झाला. त्यांचे मूळ घर वाळवे तालुक्यातील ऐतवडे बुद्रुकचे. शिक्षणासाठी ते कोल्हापुरास आपल्या ज्ञातीच्या वसतिगृहात राहिले. १९०८ साली तेथे अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले. त्याच्या समारंभास भाऊराव गेले आणि परत आल्यावर शुद्धीचे स्नान करण्यास त्यांनी नकार दिला. परिणामी त्यांस आपल्या ज्ञातीच्या वसतिगृहातून बाहेर पडावे लागले. त्या वसतिगृहास नावे ठेवण्याचा आमचा हेतू नाही. त्या काळी कोणत्याही ज्ञातीच्या वसतिगृहात हेच घडले असते. आपले तेव्हा असते तर तेथेही घडले असते. मुद्दा वेगळाच आहे. पुढे ज्या पुरुषाने हजारो मुलांस एका पंक्तीत बसविले, त्यास पंक्तीबाहेर काढणारी संस्था आपल्या मंडळासारखीच होती, ही गोष्ट आपल्या मंडळात बोलताना आम्हांस डावलता येत नाही.

राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९०१ पासून निरनिराळ्या ज्ञातींची वसतिगृहे काढण्यास साहाय्य केले, हेही येथे सांगणे न्यायाचे होईल. ज्ञातीची वसतिगृहे ही संकुचित वृत्तीतून निघाली, असे आज कित्येकजण सहज बोलून जातात. ते बरोबर नाही. ज्या मुलांच्या घरी सात पिढ्यांत पाटीपुस्तक आले नव्हते, त्यांस सर्वांसाठीच्या म्हणविल्या जाणाऱ्या वसतिगृहात शिरकाव मिळत नसे. पहिले पाऊल टाकण्यास आपल्या माणसांचा आधार लागत होता. आपले मंडळही त्याच गरजेतून उभे राहिले आणि त्याबद्दल संकोच बाळगण्याचे काही कारण नाही.

भाऊरावांनी मात्र दुसरी वाट धरली. मिरज तालुक्यातील दुधगाव येथे सहकाऱ्यांसमवेत त्यांनी वसतिगृहाच्या कामाचा आरंभ केला; १९१९ च्या विजयादशमीस कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली; आणि १९२४ साली संस्था साताऱ्यास आणली. तेथील वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एकत्र राहू लागली. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींनी त्यास श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नाव दिले. हा इतिहास आपणांपैकी अनेकांस मुखोद्गत आहे. कित्येकांचे वाडवडील तेथेच शिकले. म्हणून आम्ही तो विस्ताराने सांगत नाही. तेथे रोज काय चालत असे, तेवढ्याकडेच लक्ष वेधतो.

मुले पाळीपाळीने स्वयंपाक करीत. धान्य निवडणे, भाकरी थापणे, भांडी घासणे, पाणी भरणे, झाडलोट, शेतीतील काम, बांधकामासाठी दगडमातीचे काम, हे सर्व मुलांनीच करावयाचे असे. भाऊरावांच्या पत्नी सौ. लक्ष्मीबाई सोवळ्याओवळ्याच्या काळात वाढलेल्या. त्यांनी या मुलांचे आईप्रमाणे केले, आणि वसतिगृहात धान्य संपले तेव्हा अंगावरील दागिनेच नव्हे तर मंगळसूत्रही दिले. त्या १९३० साली निवर्तल्या. मुलांनी जातिभेद पाळू नये यावर तेथे भाषणे झालीच नसतील असे नाही. भाऊराव मोठे वक्ते होते. परंतु भाकरी करणाऱ्या मुलाची जात विचारावयाची तर त्या दिवशी उपाशी राहावे लागे, आणि दुसऱ्या दिवशी स्वतःची पाळी येई. ही व्यवस्था भाषणापेक्षा बलवत्तर होती.

याच ठिकाणी १९५४ साली अमेरिकेतील ओक्लाहोमा प्रांतात झालेल्या एका अभ्यासाची आठवण होते. मुझफ्फर शेरीफ या मूळच्या तुर्कस्तानातील मानसशास्त्रज्ञाने ११–१२ वर्षांची २२ मुले उन्हाळी शिबिरास नेली. त्यांचे दोन गट केले, त्यांच्यात खेळांच्या चुरशी लावल्या; आणि आठवडाभरात एरवी सरळ असलेली ही मुले एकमेकांची निशाणे जाळू लागली, एकमेकांच्या खोल्यांवर धाडी घालू लागली. मग शेरीफ यांनी समेटाचा प्रयत्न केला. दोन्ही गटांस एकत्र जेवावयास बसविले, एकत्र चित्रपट दाखविला. त्याने वैर शमले नाही. जेवताना मुलांनी एकमेकांवर अन्नच फेकले! परंतु पुढे शिबिराचे पाणी बंद पडले आणि बिघाड शोधण्यासाठी सर्वांस हिंडावे लागले. अन्न आणणारी मोटार अडली आणि ती सुरू करण्यासाठी दोन्ही गटांस मिळून दोर ओढावा लागला. असे प्रसंग एकामागून एक आणल्यावर मात्र वैर ओसरले. निघताना मुलांनी एकाच गाडीतून जाण्याचा आग्रह धरला.

आपल्याकडील सहभोजनांशी हे ताडून पाहावे. महाराष्ट्रात सहभोजने पुष्कळ झाली. ती करणाऱ्यांचे धैर्य वंदनीय आहे. त्यांस घरच्यांचा व गावाचा रोष सोसावा लागला. तरीही वर्षातून एका सायंकाळी पानास पान लावून जेवणे आणि वर्षभर एका चुलीवर एकमेकांसाठी भाकरी भाजणे, यांत फार मोठे अंतर आहे. पहिल्यात पाहुणेपणा आहे, दुसऱ्यात गरज आहे. शेरीफ यांच्या शिबिरात पाणी आणि मोटार या अडचणी मुद्दाम घडविल्या होत्या. भाऊरावांस तसे करावे लागले नाही. धान्याची, पैशाची, जागेची चणचण त्यांच्या वसतिगृहात बाराही महिने नांदत होती. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्येच आपल्या ग्रंथात लिहिले की, भिन्न समाजांच्या नुसत्या सान्निध्याने दुरावा जात नाही. दर्जा समान असावा, हेतू एक असावा, काम मिळून करावयाचे असावे आणि वरिष्ठांचा त्यास स्पष्ट पाठिंबा असावा. साताऱ्याच्या त्या वसतिगृहास या चारही कसोट्या लावून पाहाव्यात.

असे दाखले अमेरिकेतील मुलांचे. आपल्या जातीपातीच्या समाजास ते कितपत लागू, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर उत्तर प्रदेशातून मिळते. मॅट लो या अर्थशास्त्रज्ञाने तेथील ग्रामीण भागात निरनिराळ्या जातींच्या १,२६१ तरुणांच्या महिनाभराच्या क्रिकेटस्पर्धा भरविल्या. काहींस चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे मिश्र जातींच्या संघात घातले, काहींस स्वजातीच्याच संघात. २०२१ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे की, जे मिश्र संघात एका बाजूने खेळले त्यांची परजातीतील मैत्री वाढली आणि बक्षिसे कोणास द्यावीत हे ठरविताना स्वजातीकडे असलेला त्यांचा कल कमी झाला. उलट, परजातीशी ज्यांचा संबंध प्रतिस्पर्धी म्हणूनच आला, त्यांच्यात दुरावा वाढण्याकडे कल दिसला. सातारा-सांगलीत गावोगावच्या जत्रांतून कबड्डीचे व क्रिकेटचे सामने होतात. संघ कोणत्या आळीचा, याचा अर्थ बहुधा कोणत्या जातीचा असाच होतो. तो धागा आम्ही सुज्ञांवर सोपवितो.

उत्तर प्रदेशातीलच दुसरा अभ्यास आमच्या मनास अधिक लागला. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी खेड्यातील सहावी-सातवीच्या ६४२ मुलग्यांस, त्यांत निम्मे उच्च समजल्या जाणाऱ्या व निम्मे नीच समजल्या जाणाऱ्या जातींचे, कागदावरील भुलभुलैया सोडवावयास दिले. जातीचा उच्चार नव्हता तेव्हा दोन्ही बाजूंच्या मुलांच्या कामगिरीत म्हणण्यासारखा फरक नव्हता. मग मुलाचे, बापाचे, आजोबाचे नाव, गाव आणि जात सर्वांसमोर वाचून दाखविली. त्यासरशी खालच्या समजल्या जाणाऱ्या जातींच्या मुलांची कामगिरी लक्षणीय घसरली. मुले तीच, कोडी तीच. पाच मिनिटांत बुद्धी काही कमी झाली नव्हती. पुढे २०१४ साली त्याच अभ्यासकांनी आणखी एक गोष्ट प्रसिद्ध केली. उच्च समजल्या जाणाऱ्या जातींच्या मुलांचाच वेगळा गट करून त्यांची जात उच्चारली, तेव्हा त्यांचीही कामगिरी उतरली. आपण वरचेच आहोत, आता सिद्ध काय करावयाचे, असा भाव त्यांच्या मनात आला असावा. कारण काहीही असो. मुलास त्याच्या जातीची सतत आठवण देण्याने दोन्ही प्रकारे नुकसानच होते.

साताऱ्याच्या शाळेत १९०० सालच्या ७ नोव्हेंबरला दाखल झालेल्या एका मुलास तर जातीची आठवण रोज, वर्गात बसण्याच्या जागेवरूनच दिली जात असे. तो मुलगा म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांनी ते ओझे पेलले आणि त्याखाली दबले नाहीत, ही त्यांची असामान्यता. परंतु असामान्य पुरुषाकडे बोट दाखवून सामान्य मुलावर ओझे लादावे, हा युक्तिवाद कोणी करू नये.

येथवर सारे वसतिगृहाच्या भिंतींच्या आतले झाले. खरी कसोटी मे महिन्याच्या सुट्टीत लागते. वसतिगृहात एका ताटात जेवणारा मुलगा गावी गेल्यावर कोणत्या पंक्तीत बसतो? १९७७ साली ट्रेव्हर स्टोक्स आणि डोनाल्ड बेअर यांनी वर्तनबदलाचे उपलब्ध अभ्यास एकत्र करून पाहिले. एका जागी शिकविलेले वर्तन दुसऱ्या जागी आपोआप टिकते, असे गृहीत धरून चालणारे लोक फार आहेत, असे त्यांस आढळले. शिकवावे आणि आशा करावी, एवढाच त्यांचा उपाय असतो. प्रत्यक्षात वर्तन टिकावयाचे असेल तर दुसऱ्या जागेची माणसेही त्यात गोवावी लागतात. भाऊरावांस हे पुस्तकाविना उमगले असावे. त्यांनी १९३५ साली साताऱ्यास शिक्षक तयार करणारे विद्यालय काढले आणि वसतिगृहात वाढलेली मुले शिक्षक होऊन खेड्यापाड्यांत गेली. म्हणजे वसतिगृहाची हवा त्यांच्यासोबत गावात गेली. आपल्या मंडळाजवळ असे विद्यालय नाही. परंतु आपल्याजवळ कुटुंबे आहेत. या स्मरणिकेचे वाचक म्हणजे तीच कुटुंबे होत.

आता समुपदेशनाविषयी. हा शब्द आपल्या कानांस अजून नवा वाटतो. मुलास समुपदेशकाकडे नेले असे कळले की त्याचे डोके फिरले काय, असे शेजारी विचारतात. समुपदेशक म्हणजे पैसे घेऊन उपदेश करणारा, असाही एक समज आहे. वास्तविक त्याचे मुख्य काम ऐकण्याचे. अमेरिकेतील विल्यम मिलर यांनी मद्यासक्त माणसांशी बोलताना १९८३ साली एक रीत मांडली आणि १९९१ साली स्टीफन रोलनिक यांच्यासमवेत तिचा ग्रंथ केला. तिचे सार असे: सोडून दे, सोडून दे, असे आपण म्हणू लागलो की समोरचा आपल्या सवयीचे समर्थन करू लागतो आणि ते करता करता त्याचेच मत पक्के होते. याउलट त्यास नीट प्रश्न विचारले, त्याचे ऐकून घेतले, तर सोडावयाची कारणे तो स्वतःच्या तोंडाने सांगू लागतो. आणि स्वतःच्या तोंडून निघालेले कारण परक्याच्या उपदेशाहून अधिक टिकते. आपल्या घरातील वडील मंडळींनी, दारू पिणाऱ्या भावास किंवा तंबाखू खाणाऱ्या मुलास आजवर आपण काय काय बोललो आणि त्याने काय काय उत्तरे दिली, याची उजळणी केली तर या रीतीचे मर्म ध्यानात येईल.

या रीतीची परीक्षा शेजारच्या गोव्यात झाली आहे. तेथील प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, अपायकारक मद्यपान करणाऱ्या ३७७ पुरुषांपैकी काहींस नेहमीचा उपचार दिला आणि काहींस त्याजोडीस सामान्य शिक्षणाच्या, परंतु या कामी तयार केलेल्या माणसांशी मोजक्या भेटी घडविल्या. तीन महिन्यांनी नेहमीच्या उपचाराच्या गटात २६ टक्के, तर भेटींच्या गटात ३६ टक्के पुरुष अपायकारक मद्यपानातून बाहेर आले होते. वर्षाने पाहिले तेव्हा हे अंतर कमी न होता वाढले होते. येथे चमत्कार कोठेच नाही. शंभरातले पुष्कळ पीतच राहिले. पण ज्या कामी शपथा, गंडेदोरे आणि मारहाण यांवर कुटुंबे धुळीस मिळाली, त्या कामी दहा जणांचा फरकही मोठा आहे. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी उभी केलेली ‘परिवर्तन’ ही संस्था व्यसनमुक्तीचे काम करीत आली आहे. डॉक्टरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली. त्यांच्या विचारांविषयी आपल्यात मतभेद असतील, पण व्यसनी माणसास कुटुंबासह जवळ करण्याच्या या कामाविषयी ते असू नयेत.

शाळेतील समुपदेशनाविषयीचा एक निष्कर्ष आपल्या ठरावास अगदी जवळचा आहे. बिहारमधील नालंदा जिल्ह्यात ७४ शाळांत एक मोठा अभ्यास झाला. तो २०१८ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. शाळेत मुलांच्या अडचणी ऐकणे, तक्रारपेटी ठेवणे, भित्तिपत्रक चालविणे, गटांत चर्चा घेणे असा एकच कार्यक्रम काही शाळांत तेथील शिक्षकाने चालविला, तर काही शाळांत त्यासाठीच नेमलेल्या बाहेरच्या माणसाने. बाहेरचा माणूस मोठा तज्ज्ञ नव्हता. त्यास या कामाचे शिक्षण दिले होते एवढेच. जेथे तो होता तेथे शाळेचे वातावरण सुधारले, मुलांतील दांडगाई व मारामारी कमी झाली, खिन्नताही उतरली. जेथे तेच काम शिक्षकाकडे होते तेथे, कार्यक्रम नसलेल्या शाळांच्या मानाने, काही फरक दिसला नाही. शिक्षकवर्गाने रागावू नये. जो परीक्षा घेतो, गुण देतो, पालकांस चिठ्ठी पाठवितो, त्याच्याजवळ मूल मन उघडे करीत नाही; आणि शिक्षकाच्या अंगावर आधीच जनगणनेपासून निवडणुकीपर्यंत शंभर कामे असतात.

आता तो ठराव. त्याची कलमे दोन आहेत. वसतिगृहातील चौथा हिस्सा जागा इतर ज्ञातींच्या गरजू विद्यार्थ्यांस द्याव्यात, आणि स्वयंपाक, वाढणे व भांडी यांची पाळी सर्वांस सारखी लावावी, हे पहिले. अधीक्षकाहून निराळा, शिस्तीशी व प्रवेशाशी संबंध नसलेला समुपदेशक आठवड्यातून दोन दिवस वसतिगृहात यावा, हे दुसरे. दुसऱ्या कलमास विरोध असा नाही. खर्च कोणी द्यावयाचा एवढाच प्रश्न आहे. स्पर्धापरीक्षांच्या आणि वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या ताणाखाली मुले जीवन संपवितात अशा बातम्या आपण सर्वच वाचतो. समारंभाच्या शाली व हारतुरे यांत कपात केली तर या कलमाचा पुष्कळसा खर्च निघेल, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पहिल्या कलमावर मात्र गेली दोन वर्षे खल चालू आहे. देणगीदारांनी पैसे ज्ञातीसाठी दिले, हा आक्षेप कायद्याचा आहे. तो घटनेत दुरुस्ती करून व हयात देणगीदारांची संमती घेऊन सुटेल. आहार भिन्न, चालीरीती भिन्न, हा आक्षेप आम्हांस फारसा जड वाटत नाही. स्वयंपाकाचे नियम वसतिगृहाचे असतात, ज्याने त्याने घरून आणावयाचे नसतात. आपल्या मुलग्यांस भांडी घासावी लागतील अशी कुरकुर काही मातांकडून ऐकू आली. त्यांस एवढेच सांगतो की, भाकरी थापता येणारा जावई मिळावा अशी इच्छा मुलींच्या माता आता उघडपणे बोलून दाखवू लागल्या आहेत. तिसरा आक्षेप खरा आहे आणि त्यास आम्ही हलके लेखीत नाही. माण, खटाव, जत, आटपाडी या अवर्षणाच्या तालुक्यांतून आपल्याच ज्ञातीची गरीब मुले येतात. जागा नाही म्हणून त्यांतील काही परत जातात. त्यांच्या तोंडचा घास काढून इतरांस देणार काय? असे विचारणारा बाप स्वार्थी नाही. म्हणून आम्ही दुरुस्ती सुचविली आहे ती अशी की, गरजू ज्ञातिबांधवाचा मुलगा परत जाणार नाही इतक्या खोल्या प्रथम वाढवाव्यात, आणि वाढीव खोल्यांत मिश्र प्रवेश द्यावा; तोवर निदान स्वयंपाकाची पाळी व अभ्यासिका या दोन गोष्टी शेजारच्या इतर वसतिगृहांतील मुलांसमवेत सामाईक कराव्यात. या दुरुस्तीस सूचक मिळाला आहे. अनुमोदक अद्याप मिळावयाचा आहे.

लेविन यांच्या गृहिणींप्रमाणे येथेच हात वर करावयास सांगावे, असा मोह आम्हांस झाला होता. परंतु सभेच्या कार्यक्रमपत्रिकेत तो विषय नाही आणि चिटणीसांनी आम्हांकडे पाहून मान हलविली आहे. तेव्हा विनंती एवढीच की, कार्यकारी मंडळाची बैठक साताऱ्यास भरण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाने वसतिगृहात असलेल्या किंवा जाणार असलेल्या आपल्या मुलास जवळ बसवून या दोन कलमांविषयी त्याचे काय म्हणणे आहे ते विचारावे, मध्ये न बोलता ऐकावे, आणि त्याच्याच शब्दांत लिहून चिटणीसांकडे पाठवावे. पालकांचे मत निराळे असल्यास ते वेगळ्या कागदावर लिहावे.